डभोईची धान्यवाट आणि बडोद्याचे आहारशास्त्र

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे 30 किलोमीटरवर असलेले डभोई मराठी वाचकाला मुख्यतः 1 एप्रिल 1731 च्या लढाईमुळे ठाऊक आहे. या परिसरात पहिल्या बाजीरावाशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढील काळात गुजरातेतील सत्ता हळूहळू दाभाड्यांचे सरदार असलेल्या गायकवाडांच्या हाती एकवटत गेली. मात्र ज्याला आज अन्नन्याय म्हटले जाते, म्हणजे पुरेसे व पोषक अन्न प्रत्येकाला हक्काने मिळावे आणि ते कसे मिळावे हे ठरवण्यात खाणाऱ्यांचाही वाटा असावा हा विचार, त्याच्या इतिहासातही या मुलुखाला स्थान आहे.

खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढत असत. पुढे इंजिने आली, फाटे वाढले आणि कापूस व धान्य यांची ने-आण सुकर झाली. तरीही 1899 चा पावसाळा कोरडा गेल्यावर, विक्रम संवत 1956 वरून गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला, तेव्हा रूळ असूनही उपासमार टळली नाही, कारण रोजगार बुडालेल्या माणसाजवळ धान्य विकत घेण्यास पैसा उरला नव्हता. तिसऱ्या सयाजीरावांच्या सरकारने दुष्काळी कामे काढली, परंतु 1891 च्या शिरगणतीत सुमारे 24 लाख असलेली बडोदे संस्थानाची लोकसंख्या 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली होती. त्या काळी मदत ही राजाची कृपा होती, रयतेचा हक्क नव्हता.

या प्रश्नाला विद्येची जोड मिळाली ती 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर. हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात तेथे गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली आणि तिच्या अन्न व पोषण विभागाने संशोधनासाठी प्रयोगशाळेबरोबरच वस्त्या व शाळा निवडल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 ठिकाणी सुरू झाली, तेव्हा गुजरातेतील आरंभ डभोईवरून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या तेव्हाच्या टोकाला असलेल्या छोटाउदेपूर या आदिवासीबहुल तालुक्यात झाला.

या योजनेच्या अंगणवाडीतील आहाराचा एक प्रश्न वरकरणी साधा होता. तान्ह्या बाळाचे पोट लहान असते. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, आणि पाणी घालून ती पातळ केली तर पोट भरते पण पोषण अपुरे राहते. विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागातील तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर सुचवलेला उपाय गरीब घरातही करता येण्याजोगा होता. गहू भिजवून त्याला मोड आणायचे, ते उन्हात वाळवून हलके भाजायचे व दळायचे. हे पीठ थोडेसे शिजलेल्या घट्ट पेजेत ढवळले की मोडांतील अमायलेज हे विकर, म्हणजे पिष्ट विघटित करणारे द्रव्य, काम करू लागते आणि पाणी न वाढवता पेज ओघळण्याइतकी सैल होते. मोड आणणे बायकांना पूर्वापार माहीत होते. त्याचा पेजेच्या घट्टपणावर नेमका किती परिणाम होतो, हे विद्यापीठाने मोजून दाखवले.

1984 मध्ये गुजरात सरकारने शाळांत मध्यान्ह भोजन सुरू केले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या संशोधकांनी गरीब शाळकरी मुलांना लोहाच्या गोळ्या दिल्याने रक्तक्षय कमी होतो, इतकेच नव्हे तर बौद्धिक चाचण्यांतील कामगिरीही सुधारते, असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1990 च्या दशकात राज्याच्या भोजन योजनेला लोह, अ जीवनसत्त्व व जंतनाशक औषध यांची जोड देण्यात आली.

28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील शिजवलेले जेवण राज्यांवर बंधनकारक केले आणि 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडी, शाळा व शिधा यांना कायदेशीर आधार दिला. अशा रीतीने कृपेचा हक्क झाला, पण ताटात काय असावे याचा निर्णय अद्याप बहुतांशी वरूनच होतो. मोडाच्या पिठाचा अनुभव वेगळी दिशा दाखवतो: तेथे शास्त्राने घरातल्या ज्ञानाची जागा घेतली नाही, त्याला प्रमाण दिले. विद्यापीठ आणि गाव यांच्या भागीदारीची कसोटी हीच असावी लागते, कारण संशोधनाचा निधी संपल्यानंतरही टिकते ते आईच्या हाती राहिलेले कसबच.