स्नॅपिंग
स्नॅपिंग : संगणकावरील सदिश रेखनात ओढून नेली जाणारी वस्तू जवळच्या बिंदूशी, रेषेशी वा जाळीशी नेमकी जुळविण्याची योजना. सदिश चित्रातील रेषा बिंदूंच्या सहनिर्देशकांनी ठरते. त्यामुळे पडद्यावर जुळलेली दिसणारी दोन टोके प्रत्यक्षात केसभर अलग असू शकतात व चित्र मोठे छापले की ती फट उघडी पडते. ठिपक्यांच्या रांगोळीत बोटांना जो आधार ठिपके देतात, तोच येथे गणित देते.

ह्या कल्पनेचा आरंभ आयव्हन सदरलँड (१९३८–  ) ह्यांच्या ‘स्केचपॅड’ ह्या प्रणालीत आढळतो. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६३ साली प्रबंधरूपाने सादर झालेल्या ह्या प्रणालीत प्रकाशलेखणी एखाद्या बिंदूच्या वा रेषेच्या पुरेशी जवळ आली, की तिचे स्थान त्या बिंदूवरच वा रेषेवरच धरले जाई. हात थरथरला तरी टोक अचूक जुळे. एरिक बियर व मॉरीन स्टोन ह्यांनी १९८६ मध्ये तीत पट्टी-कंपासच्या भूमितीची भर घातली. ठराविक कोनांतील रेषा व वर्तुळे तात्पुरती मांडून आकृती त्यांच्याकडे खेचली जाऊ लागली.

आकर्षणाची मर्यादा किती असावी, हा ह्यातील कळीचा प्रश्न होय. ती मोठी असल्यास वस्तू नको तेथे चिकटते. लहान असल्यास सोय असून नसल्यासारखी. पडद्यावरील अंतराने ती मोजल्यास चित्र मोठे करून पाहताच बारीक काम मोकळेपणी करता येते. रेषेपेक्षा तिच्या टोकाला अग्रक्रम द्यावा लागतो, एरवी ते हाती लागणे कठीण.

कशाशी जुळवावे, हे मात्र लिपीवरही अवलंबून असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली भागांत फलक, निमंत्रणपत्रिका इ. करणारे व्यावसायिक कोरलड्रॉसारखे (१९८९) कार्यक्रम वापरतात. छपाईपूर्वी अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करण्याचा प्रघात आहे. तसे केल्यावर संगणकाच्या लेखी शब्द म्हणजे एक आकृती व तिच्याभोवतीची चौकट. ‘ठाणे’, ‘कल्याण’ व ‘डोंबिवली’ ही नावे शेजारी मांडून चौकटींच्या वरच्या कडा जुळविल्या, तर ‘कल्याण’ची शिरोरेषा इतरांहून वर चढते, कारण त्या नावावर मात्रा, वेलांटी वा अनुस्वार नाही. खालच्या कडा जुळविल्यास ही तीन नावे सरळ येतात. पण पुढे ‘मुंब्रा’ आले की उकार आड येतो. रोमन अक्षरे पायाच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. म्हणून शिरोरेषेच्या उंचीवर मार्गदर्शक रेषा आखून, प्रत्येक शब्द चौकटीने न धरता शिरोरेषेवरील बिंदूने धरून तिला टेकविणे श्रेयस्कर ठरते.