उशिरा येणारं दुःख : डॉक्टरांना ते कसं ओळखता येऊ लागलं

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय तरी काय?" असं विचारणाऱ्या काही रुग्णांना मी उलट विचारतो, "गेल्या वर्ष-दोन वर्षांत घरात कोणी गेलं का?" अनेकदा उत्तर येतं, "हो, पण त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हा तर मी अगदी व्यवस्थित होते."

जवळचं माणूस गेल्यावर लगेच न येता काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी उफाळून येणाऱ्या या दुःखाला विलंबित शोक म्हणतात. वैद्यकशास्त्राने त्याची नीट दखल घेतली त्याला जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षं झाली आहेत. हा इतिहास माहीत असला की स्वतःकडे आणि घरातल्यांकडे बघण्याची आपली नजर बदलते.

सुरुवातीचे विचार

१९१७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी शोक आणि विषण्णता यांतला फरक सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. शोक हा आजार नव्हे, मनाला गेलेल्या माणसापासून थोडं थोडं सुटावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३७ मध्ये हेलेन डॉइच यांनी पुढचा प्रश्न घेतला : ज्यांना दुःख झालेलं दिसतच नाही त्यांचं काय? ते दुःख नाहीसं होत नाही, पुढे कुठल्यातरी रूपात बाहेर येतं, असं त्यांनी मांडलं. पण हे विचार मोजक्या रुग्णांच्या अनुभवावर आधारलेले होते.

बोस्टनची आग

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइटक्लबला आग लागली. आत क्षमतेच्या दुपटीहून जास्त, सुमारे एक हजार माणसं होती. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते गर्दीने अडकलं. इतर काही दारांना कुलपं होती. ४९२ माणसं मृत्युमुखी पडली.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलायला सुरुवात केली. त्यात त्यांनी हॉस्पिटलात वारलेल्या रुग्णांचे नातेवाईक, सैनिकांची कुटुंबं वगैरे मिळवून एकूण १०१ जणांचा अभ्यास केला आणि १९४४ मध्ये तो प्रसिद्ध केला.

शोक शरीरात कसा दिसतो, हे त्यांनी नेमकेपणाने लिहून ठेवलं. घसा आवळल्यासारखा होणं, श्वास कोंडणं, सारखे उसासे येणं, पोटात पोकळी वाटणं, अंगातलं बळ जाणं. हे सगळं लाटांसारखं येतं आणि एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते.

त्यांच्या रुग्णांत सतरा वर्षांची एक मुलगी होती. आगीत तिचे आईवडील आणि मित्र गेले, ती स्वतःही गंभीर भाजली. पण हॉस्पिटलात ती हसतमुख राहिली. तीन आठवड्यांनी घरी जाताना धाकट्या दोन भावंडांना आपणच सांभाळायचं, असा तिचा उत्साह होता. पुढे घर मोडलं, भावंडं दुसऱ्यांच्या घरी गेली, तरी ती स्थिर दिसत होती. दहावा आठवडा संपता संपता मात्र रडू, घशाचा आवळ, पोटातली पोकळी आणि आईवडिलांच्या आठवणी असं सगळं एकदम आलं.

दुसरी एक अडतीस वर्षांची बाई आईच्या मृत्यूनंतर फार खचली होती. बोलताना कळलं की तिच्या मनात आईपेक्षा वीस वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेला भाऊ होता. नव्या मृत्यूने जुनं दुःख वर आणलं होतं.

नंतर झालेल्या दुरुस्त्या

लिंडेमन यांना वाटत होतं की आठ-दहा भेटींत, महिना-दीड महिन्यात शोक मार्गी लागतो. तो अंदाज फारच आशावादी ठरला.

"आज रडला नाही तर उद्या भोगावं लागेल" ही समजूतही तपासली गेली. १९८९ मध्ये वॉर्टमन आणि सिल्व्हर या संशोधकांनी दाखवलं की तिला भक्कम पुरावा नाही. नंतर जॉर्ज बोनानो यांच्या अभ्यासांतही दिसलं की बरीच माणसं मोठा आघात न मोडता सोसतात आणि विलंबित शोक तुलनेने थोड्यांना होतो. म्हणून न रडणाऱ्या माणसाला जबरदस्तीने रडवू नका. त्याचं प्रेम कमी होतं, असंही समजू नका.

शरीराकडे दुर्लक्ष मात्र नको. १९६९ मध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची माहिती प्रसिद्ध केली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होतं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. त्यामुळे छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, मग "टेन्शन" म्हणायचं.

जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'दीर्घकालीन शोक' हे निदान आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा गेलेल्या माणसाचाच ध्यास, आणि त्यापायी रोजचे व्यवहार अडणं, ही त्याची मुख्य खूण. त्या समाजाच्या रीतीप्रमाणे चालणारा शोक यात मोडत नाही.

आपल्या घरात

आपल्याकडे तेरा दिवस घर भरलेलं असतं. नंतर पाहुणे जातात. हॉस्पिटलचं बिल, मृत्यूचा दाखला, बँक, विमा यांमागे धावणाऱ्या माणसाचं "किती धीराचा आहे" म्हणून कौतुक होतं. कागदपत्रं संपली की त्याला वेळ मिळतो आणि तेव्हा दुःख येतं. पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध, मुलीचं लग्न किंवा घरातला दुसरा मृत्यू हेही निमित्त ठरतं. कोविडमध्ये ज्यांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही, त्यांच्यापैकी काहींचं दुःख असंच लांबणीवर पडलं.

उशिरा रडू येणं म्हणजे वेड लागणं नव्हे. अशा माणसाला "आता किती दिवस हेच?" असं विचारू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आठवणी निघू द्या. वेळेवर जेवण, थोडं चालणं आणि ठरावीक वेळी झोपणं याने आधार मिळतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू मनाने सुरू करू नका. सहा महिन्यांनंतरही कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा धडधड, अपचन, निद्रानाश यांच्यासोबत घरात कोण गेलं आणि कधी, हेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.