करवतीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

आजचा एपिसोड एका फांदीपासून सुरू होतोय.

वांगणीला आमच्या घरामागे आंब्याचं जुनं झाड आहे. जूनच्या पहिल्या वादळात त्याची मांडीएवढी जाड फांदी मोडली. एक टोक कंपाउंडच्या भिंतीवर, दुसरं जमिनीवर, मधे सगळी अधांतरी. माणूस बोलवायचा तर दोन दिवस थांबा. मी इंजिनियर, तोही सॉफ्टवेअरचा, पण पोरगं बीटेक झालं की त्याला पंख्यापासून पंपापर्यंत सगळं येतं असं घरच्यांना वाटतं. मलाही थोडं वाटतंच. बदलापूरहून रेसिप्रोकेटिंग सॉ भाड्याने आणला, दोन व्हिडिओ पाहिले (दीडच्या स्पीडने), आणि फांदीच्या मधोमध वरून कापायला सुरुवात केली.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ड्रिल मशिनसारखं, पण लांबुळकं. तोंडाशी सरळ, दातेरी पातं. ते गोल फिरत नाही, मागे-पुढे धावतं. एका फेरीत साधारण तीन सेंटिमीटर, आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत.

निम्मी फांदी कापली आणि पातं अडकलं. मोटर चालूच होती. पात्याला हलता येईना, म्हणून मग यंत्र हलायला लागलं, माझ्यासकट. खांद्यापर्यंत असे दणके बसले की ट्रिगर सोडायचं सुचायला दोन सेकंद गेले. दोन सेकंद म्हणजे ऐंशी-नव्वद दणके, हा हिशोब मी नंतर केला.

आवाज ऐकून काका आले. काकांनी उल्हासनगरच्या फर्निचरच्या कामात तीस वर्षं काढली. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची वरची दोन पेरं नाहीत. त्यांनी आधी प्लग काढायला लावला, मग कापाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, पाचर कुठंय तुझी?"

कोयत्याने एक ढलपी तासून त्यांनी पाचर केली आणि कापात ठोकली. काप फाकला, पातं सुटलं. एवढंच. त्या पाचरीच्या मागे लागून मी जे वाचलं, ते आज सांगतो.

जुन्या काळी ओंडक्यातून फळी काढायची तर दोन माणसं लागायची. ओंडका घोडीवर तिरका टेकवायचा किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा. पुरुषभर उंच करवत, एक माणूस वर, एक खाली. ही करवत म्हणजेच मूळची रेसिप्रोकेटिंग सॉ, फक्त मोटरच्या जागी चार हात. वरचा माणूस रेघ सांभाळायचा, खालचा जोर लावायचा आणि डोळ्यांत भुसा घ्यायचा. काप पुढे गेला की मागे पाचर मारायची, नाहीतर लाकूड मिटतं आणि करवत धरून ठेवतं. खालच्याला रेघ दिसत नाही, वरच्याला खालचं टोक दिसत नाही. त्यामुळे सतत एकमेकांना हाक: ओढ, थांब, पाचर मार. कोणी तरी "थांब" म्हटलं की करवत थांबायची. चार हातांतले दोन थांबले तरी पुरे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजं बांधली ती अशा हातांच्या जोरावर. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशेहून जास्त वर्षं! आमच्याकडे दोनशे दिवस जुनं सॉफ्टवेअर कोणी ओळख देत नाही. जहाज बांधणाऱ्याचं नाव राहिलं, फळ्या पाडणाऱ्यांचं नाही. हे नेहमीचंच.

आता या जोडीतला माणूस काढून टाकायची युक्ती किती जुनी? चक्र फिरतं, आणि चक्राला कडेला जोडलेला दांडा मागे-पुढे जातो. तुर्कस्तानात हिएरापोलिस नावाच्या गावात तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर नेमकं हेच कोरलेलं आहे: पाणचक्की, दांडे आणि दगड कापणाऱ्या दोन करवती. मग नेदरलँड्समध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोनने हेच पवनचक्कीला जोडलं आणि १५९३ साली पेटंट मिळवलं. माझ्या हातातल्या भाड्याच्या यंत्रातही तत्त्व तेच, फक्त वाऱ्याच्या जागी वीज.

करवत ओढणाऱ्यांना ही युक्ती अर्थातच आवडली नाही. लंडनजवळ लाइमहाउसला चार्ल्स डिंगली नावाच्या व्यापाऱ्याने वाऱ्यावर चालणारी आरागिरणी उभारली, ती १७६८ साली जमावाने फोडली. आपल्याला शाळेत असे लोक 'प्रगतीचे विरोधक' म्हणून भेटतात. मला ते तितकं साधं वाटत नाही. त्यांची रोजी जात होती हे तर आहेच. पण हाक मारली की थांबणारी करवत जाऊन न थांबणारी येत होती, हेही आहे.

मुंबईत न थांबणारी यंत्रं सूतगिरण्यांत आली. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, धोकादायक यंत्राला कुंपण घालायचं. पण लागू कुठे? शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथेच. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत असते, ती १८९० मध्ये मिळाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. या मागणीचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. एकोणचाळीस वर्षं.

त्याच दशकात आमच्या पट्ट्यात, अंबरनाथला, विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ओंडके कापायचे, सोलायचे, काड्या पाडायच्या. विमको नाका हे नाव तुम्ही रिक्षावाल्याला सांगितलं असेल.

१९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. मी ते रात्री फोनवर वाचलं आणि झोप उडाली. शरीराच्या भागांचा तक्ता आहे तो. कमाईची क्षमता किती टक्क्यांनी गेली असं धरायचं, त्याचा. अंगठा: ३०. एका हाताची चार बोटं: ५०. करंगळी: ७. तर्जनी पूर्ण: १४. तर्जनीची दोन पेरं: ११.

काकांचं बोट बँड सॉवर गेलं, १९९८ साली. फळी यंत्रात सरकवायला एक माणूस आणि पलीकडून ओढून घ्यायला एक पोरगा, अशी पद्धत. पोरगा चहा आणायला गेला होता. ऑर्डर घाईची होती, म्हणून काकांनी एकट्याने फळी रेटली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, आणि महिनाभराने काका पुन्हा त्याच यंत्रावर उभे राहिले.

कायद्यातला तो माणसांचा आकडाही बघण्यासारखा आहे. १८८१ ला १००, १८९१ ला ५०, १९२२ ला २०, १९४८ ला, वीज वापरत असाल तर, १०. खाली खाली येत गेला. २०२० च्या नव्या संहितेत तो परत २० वर नेला. काकांच्या कारखान्यात सहा माणसं होती.

आणि मग हातातलं यंत्र आलं. स्वित्झर्लंडमध्ये सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट काउफमानने १९४६ च्या सुमारास बायकोच्या शिवणयंत्राला सुईच्या जागी करवतीचं पातं लावून पाहिलं, असं सांगतात. त्यातून जिगसॉ निघाला. जीन्स शिवणाऱ्या उल्हासनगरच्या लोकांना हे ऐकून काहीच नवल वाटणार नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी कंपनीने 'सॉझॉल' आणला, आज आपण ज्याला रेसिप्रोकेटिंग सॉ म्हणतो तो. एका माणसाने, दोन हातांत धरून, कुठेही न्यायचा. कुंपण घालायला जागाच नाही, कारण पातं उघडं असणं हाच त्याचा उपयोग. तपासणीसाला यायला कारखानाही नाही. रेघ बघणारा, जोर लावणारा, पाचर मारणारा आणि "थांब" म्हणणारा, सगळे तुम्हीच.

म्हणून काकांनी उरलेली फांदी माझ्याकडून कशी कापून घेतली ते सांगतो. आधी प्लग बाहेर, मग पातं बदलायचं. वाकलेलं पातं सरळ करत बसायचं नाही, फेकायचं. मी छोटं पातं लावलं होतं. पातं एवढं लांब हवं की पूर्ण मागे गेलं तरी टोक लाकडाच्या पलीकडे बाहेरच राहील, नाहीतर टोक आत धडकतं आणि यंत्र उलटं येतं. लाकडाला मोठे, विरळ दाते. लोखंडी पाइप असेल तर बारीक, इंचाला चौदाच्या वर. पात्याच्या मुळाशी जो लोखंडी बूट असतो तो लाकडाला दाबून टेकवायचा, मग ट्रिगर. बूट सुटा राहिला की दणके तुमच्या मनगटाला. दोन्ही हात यंत्रावर, फांदी हाताने धरायची नाही. डोळ्यांवर चष्मा, अंगात सैल काही नको. भिंत कापत असाल तर आत वायर, पाइप कुठून गेलेत ते आधी बघा.

आणि मुख्य म्हणजे लाकूड कुठे दाबलंय, कुठे ताणलंय ते वाचायचं. दोन्ही टोकं टेकलेली फांदी मधे वरून कापली तर वरची बाजू मिटणारच. वरून थोडासा काप, मग खालून. काकांनी बांबू लावून फांदी किंचित उचलून धरली, पात्यापासून चांगले पाच फूट लांब उभे राहून. मधेच "थांब" म्हणाले. मी थांबलो. पाचर सरकवली, पुन्हा सुरू.

यंत्र परत करायच्या आधी त्यांनी ते साफ करायला लावलं. पात्याच्या खोबणीतला चिकट भुसा ब्रशने काढला, कारण तिथे भुसा राहिला की पुढचं पातं नीट बसत नाही. मोटरच्या जाळीतला भुसाही. ठिणग्या जास्त दिसत होत्या म्हणून, "दुकानदाराला सांग, कार्बन घासलेत."

त्या रात्री मी काकांना तो तक्ता दाखवला. त्यांनी विचारलं, "अकरा टक्के म्हणजे किती रे?" मग हिशोब मांडला. तेव्हाचा पगार महिना अठराशे, त्याचे साठ टक्के १०८०. वय सत्तावीस, म्हणजे आता माझं आहे तेवढंच. त्या वयाचा गुणक २१३.५७. त्याचे अकरा टक्के. उत्तर आलं २५,३७२ रुपये. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

काका थोडा वेळ फोनकडे बघत बसले. म्हणाले, "चौदा महिन्यांचा पगार." मग विचारलं, प्लग काढूनच साफ केलंस ना यंत्र?