जुन्या चित्रपटांचे हसे

चार मित्र जमावेत, पडद्यावर एखादा जुना, पुरता फसलेला चित्रपट चालू असावा, नायकाने छातीवर हात ठेवून दीर्घ उसासा टाकावा आणि त्याच क्षणी अंधारातून कोणीतरी नेमका शेरा मारावा, ही करमणूक आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. असा चित्रपट एकट्याने पाहणे ही शिक्षा वाटते. तोच चौघांत पाहिला, तर हसून हसून पुरेवाट होते. या थट्टेलाही एक इतिहास आहे. त्यात काही माणसांची अब्रू गुंतलेली आहे आणि काही चित्रपटांचे आयुष्यही.

चित्रपट ही कला फार लवकर म्हातारी होते. ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला, तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. त्यानंतर जेमतेम तीस वर्षांनी, जानेवारी १९२६ मध्ये, त्याच शहरात आर्मां तालिए आणि लोरांस मिर्गा या दोघा कलावंतांनी ‘उर्स्युलिन’ नावाचे एक लहानसे चित्रपटगृह उघडले. नव्या, प्रयोगशील चित्रपटांच्या जोडीला तेथे पहिल्या महायुद्धापूर्वीचे जुने चित्रपटही दाखवीत. त्यांतले हातवारे, डोळे फिरवणे, रंगवलेले पडदे आणि तुडुंब भरलेले अश्रू पाहून पॅरिसचा रसिकवर्ग खदखदून हसे. ज्या चित्रपटांनी त्याच प्रेक्षकांना बाळपणी रडवले असेल, त्यांनाच आता ते हसत होते. पंधरा-वीस वर्षांत माणसाची अभिरुची किती दूर जाते, याचे ते एक मापच म्हणावे लागेल.

मात्र ही थट्टा चालू असताना त्याच शहरातील मोंपार्नास स्थानकावर एक वृद्ध गृहस्थ खेळणी आणि मिठाई विकत बसले होते. त्यांचे नाव जॉर्ज मेलिए. १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा प्रख्यात चित्रपट काढणारे, पाचशेहून अधिक लघुपटांचे जनक. काळ पुढे गेला, धंदा बुडाला आणि १९२३ मध्ये मोंत्रई येथील आपली वास्तू सोडताना त्यांनी आपल्याजवळच्या मूळ प्रती स्वतःच्या हाताने नष्ट केल्या. परंतु जुने चित्रपट पुन्हा पडद्यावर येऊ लागले, तसतसे त्यांच्या कर्त्यांविषयीचे कुतूहलही जागे झाले. मेलिए यांचा पत्ता लागला. त्यांच्या काही चित्रपटांच्या प्रती एका जुन्या वाड्यात सापडल्या. आणि १६ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसच्या ‘साल प्लेयेल’ या भव्य सभागृहात त्यांच्या सन्मानार्थ खास खेळ झाला. ते १९३८ साली वारले, ते सन्मान पाहून. जो प्रेक्षक जुन्याला हसायला म्हणून येतो, तो निदान येतो तरी. आणि आलेल्यांपैकी एखादा हसता हसता थबकतो.

अमेरिकेत मात्र हा थबकण्याचा क्षण उशिरा आला. एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने अत्यंत तुटपुंज्या भांडवलावर ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा परग्रहवासीयांचा चित्रपट काढला. तो १९५७ साली प्रथम दाखवण्यात आला. ‘ड्रॅक्युला’मुळे गाजलेले नट बेला लुगोसी १९५६ मध्येच निवर्तले होते. त्यांची थोडीशी चित्रफीत वुडजवळ शिल्लक होती. उरलेल्या प्रसंगांत त्याने दुसराच इसम उभा केला आणि चेहरा ओळखू येऊ नये म्हणून त्याला आपल्या झग्याने तोंड झाकून घ्यायला लावले. १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने या चित्रपटाला ‘सर्वांत वाईट’ ठरवले, आणि तेव्हापासून लोक तो मुद्दाम जमून, हौसेने पाहू लागले. या उफराट्या कीर्तीची वार्ता वुडला कळायची नव्हती. डिसेंबर १९७८ मध्ये तो विपन्नावस्थेत मरण पावला होता. पुढे १९८८ च्या नोव्हेंबरात मिनिआपोलिस येथील एका दूरचित्रवाणी केंद्राने एक माणूस व दोन यंत्रमानव अशा तिघांना पडद्याच्या खालच्या कडेला, पाठमोऱ्या सावल्यांच्या रूपात बसवले आणि वाईट चित्रपटांवर शेरे मारायला लावले. घरी एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला मित्र पुरवण्याचीच ती युक्ती होती.

या हसण्यात पुष्कळदा अन्यायही होतो. मूकपटांच्या काळी छायाचित्रकार कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चित्रे घेत. बोलपट आल्यावर ही गती चोवीस ठरली. जुनी फीत नव्या यंत्रावर चढली, की माणसे तुरुतुरु धावू लागतात, राजे उड्या मारीत सिंहासनावर बसतात आणि आपण नटाला हसतो. दोष नटाचा नसतो, यंत्राचा असतो.

दुसरा अन्याय याहून सूक्ष्म आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. आज हे ऐकताच ओठांवर हसू येते. पण मुंबईच्या तत्कालीन प्रेक्षकाला त्यात विपरीत काहीच दिसत नव्हते. बालगंधर्वांची भामिनी डोळ्यांत साठवून आलेला तो प्रेक्षक. पुरुषाने स्त्री व्हावे हा रंगभूमीचा संकेतच त्याच्या अंगवळणी पडला होता. तेव्हा आपण जेव्हा साळुंक्यांना हसतो, तेव्हा खरे तर एका विसरलेल्या संकेताला हसत असतो. आपल्या आजच्या चित्रपटांतील कोणते संकेत उद्या हास्यास्पद ठरतील, हे सांगण्याची सोय नाही.

म्हणून हसूच नये काय? माझे मत तसे नाही. जुन्या चित्रपटांचा घात थट्टेने फारसा केला नाही. तो केला उपेक्षेने. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत उरलेले अगदी मोजके आहेत. ज्वालाग्राही फिती जळाल्या, कुजल्या, त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. १९३१ च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची प्रत आजही उपलब्ध नाही. त्याची थट्टा करायची म्हटले तरी करणार कशाची?

सुदैवाने फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग शिल्लक आहे. चार मित्रांनी मिळून तो अवश्य पाहावा. त्यातला सर्प आणि पाण्याखालची झुंज पाहून खुशाल हसावे. मात्र प्रारंभी फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी दिसते. ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते आणि पाहता पाहता कृष्ण होते. तेवढा वेळ कोणी शेरा मारणार नाही, अशी माझी खात्री आहे.