वत्सगुल्म व ज्योतिषांची मध्यरेषा

वाशीम शहरांत मध्यमेश्वर नांवाचें महादेवाचें देवालय आहे. पृथ्वीची मध्यरेषा नेमकी ह्याच जागेवरून जाते व तसें भास्कराचार्यांनीं आपल्या 'लीलावती'त लिहून ठेविलें आहे, असें सांगणारे लोक वऱ्हाडांत पुष्कळ भेटतात. ऐकणारांपैकीं कित्येक ही गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देतात. उलट ज्यांस ती प्रिय आहे ते ती मुळांत आहे त्याहून फुगवून सांगतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. ह्या कथेच्या मुळाशीं खरा ग्रंथाधार आहे, आणि तो भास्कराचार्यांच्याही पूर्वींचा आहे. मात्र तो 'लीलावती'त नाहीं. आणि त्यावरून जें निष्पन्न होतें तें देवळाच्या जागेविषयीं नसून वाशीमच्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, गत वैभवाविषयीं आहे.

प्रथम मध्यरेषा ह्या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ही रेषा म्हणजे विषुववृत्त नव्हे. लंकेपासून उज्जयिनीवरून उत्तरेस मेरूपर्यंत जाणारी जी दक्षिणोत्तर रेषा, तीस आमचे ज्योतिषी भूमीची मध्यरेषा म्हणत. त्यांची लंका म्हणजे सिंहलद्वीप नव्हे. उज्जयिनीचें याम्योत्तर विषुववृत्तास जेथें मिळतें त्या बिंदूस दिलेलें तें नांव आहे, आणि मेरु म्हणजे उत्तर ध्रुव. ग्रहांचें गणित प्रथम ह्या रेषेवरील स्थळासाठीं करावयाचें, आणि मग आपलें गांव तिच्या पूर्वेस असल्यास कांहीं वजा करावयाचें, पश्चिमेस असल्यास मिळवावयाचें; कारण पूर्वेस सूर्य आधीं उगवतो. ह्या संस्कारास देशांतर असें नांव आहे. जें गांव रेषेवरच आहे तेथील जोशास ही खटपट करावी लागत नाहीं. आज ग्रीनिच येथील शून्य रेखांशाचें जें काम, तेंच काम ही रेषा आमच्याकडे हजार वर्षांहून अधिक काळ करीत होती.

आतां आधार पाहूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें त्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' रचिला; त्यांत मध्यरेषा सांगतांना लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आदि देश व मेरु एवढाच निर्देश करून ते पुढें गेले आहेत. वत्सगुल्माचें नांव येतें तें त्यांच्या वृद्धपणच्या 'करणकुतूहल' ह्या ग्रंथांत, शके ११०५ (इ. स. ११८३) मध्यें. तेथें राक्षसांची पुरी, देवकन्या, कांची, सितपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र व मेरु अशी पुरती नामावळी आहे. सिद्धांतग्रंथांत त्रोटक व करणग्रंथांत सविस्तर असें कां, हें सहज समजण्यासारखें आहे. सिद्धांत उपपत्तीसाठीं वाचावयाचा. करण हें पंचांग करणाराच्या रोजच्या हाताशीं असावयाचें, आणि त्याला आपल्या गांवाच्या जवळचें रेषेवरील ठिकाण कोणतें हें ठाऊक पाहिजे. 'लीलावती' हा अंकगणिताचा ग्रंथ असून त्यांत ह्या विषयाचा प्रसंगच नाहीं. पण भास्कराचार्यांचें जें जें म्हणून सांगावयाचें तें तें 'लीलावती'च्या नांवावर खपविण्याची आमच्याकडे खोडच आहे.

येथपर्यंतच थांबलों असतों तर वाशीमचा मान बाराव्या शतकापासूनचा ठरला असता. परंतु ह्याच नांवाचा दुसरा, पहिला म्हणावयास पाहिजे असा, एक भास्कर होऊन गेला. त्यानें आर्यभटीयावर इ. स. ६२९ मध्यें भाष्य लिहिलें, आणि 'महाभास्करीय' हा त्याचाच ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं मध्यरेषेवरील स्थळें दिलीं आहेत. दक्षिणेकडील कित्येक नांवें आज ओळखूं येत नाहींत. पण उत्तरार्ध स्पष्ट आहे. सितवर नांवाचा उंच पर्वत, मग वात्स्यगुल्म, मग वननगरी, अवंती, स्थानेश्वर व शेवटीं मेरु. ह्यांतील वात्स्यगुल्मास त्यानें लक्ष्मीसंपन्न नगर असें विशेषण दिलें आहे. ह्या यादीशेजारीं करणकुतूहलाची यादी ठेविली म्हणजे सितवराचा सितपर्वत झाला, त्याच्या उत्तरेस तेंच वत्सगुल्म राहिलें व अवंतीच्या जागीं उज्जयिनी आली, हें दिसतें. दुसऱ्या भास्करानें हें नांव नव्यानें शोधून काढिलेलें नाहीं. सुमारें साडेपांचशें वर्षें चालत आलेल्या परंपरेंतून तें त्याच्याकडे आलें.

मग सातव्या शतकांतील ज्योतिष्याच्या तोंडीं हें नांव कोठून आलें? ह्याचें उत्तर ज्योतिषांत नसून इतिहासांत आहे. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट उजेडांत आला. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षीं वत्सगुल्माहून दिलेला हा पट, वंशावळीपुरता संस्कृत व पुढें प्राकृत. तो मिळेपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म येथें स्वतंत्र शाखा होती हेंच कोणास नीट ठाऊक नव्हतें. अजिंठ्याच्या लेखांतील राजनामेंही त्यानंतर सुधारून वाचावीं लागलीं. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं ह्या घराण्याचा सर्व पुरावा पुढें एकत्र केला. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा ह्या शाखेचा मूळ पुरुष. 'हरिविजय' हें प्राकृत काव्य त्यानें रचिलें होतें. तें आज उपलब्ध नाहीं, पण साहित्यशास्त्रकारांनीं त्याची आठवण ठेविली आहे. वत्सगुल्मावरून पडलेलें 'वच्छोमी' हें रीतीचें नांव राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त येतें, आणि त्याच्याच 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह विदर्भांतील ह्याच नगरीं झाल्याचें वर्णिलें आहे. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत हरिषेण राजाच्या वेळीं हें राज्य कळसास पोंचलें. त्याचा सचिव वराहदेव ह्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. हरिषेणानंतर लवकरच सर्व अस्तास गेलें.

पहिल्या भास्कराचें लक्ष्मीसंपन्न हें विशेषण ह्या पार्श्वभूमीवर वाचावें. राज्य बुडून शंभर-सव्वाशें वर्षें झालीं होतीं. तरी ज्योतिष्यांच्या पाठांत राजधानी श्रीमंतच राहिली. आमचा तर्क असा कीं, वाकाटकांच्या अमदानींत, किंवा तिची आठवण ताजी असतांना, उज्जयिनीच्या दक्षिणेस सर्वांस परिचित असें मोठें नगर म्हणून वत्सगुल्म ह्या यादींत शिरलें, आणि पाठांतरानें टिकलें. दुसरा भास्कर सह्याद्रीच्या बाजूचा. वऱ्हाड त्याला फार परका नव्हता. तरीही त्यानें तें नांव तसेंच ठेविलें.

आतां गणिताकडे वळूं. वाशीमचे रेखांश सुमारें ७७ अंश ८ कला पूर्व आहेत, उज्जयिनीचे ७५ अंश ४६ कला. म्हणजे वाशीम उज्जयिनीच्या याम्योत्तरावर नाहीं. तें १ अंश २२ कला पूर्वेस, अंतरानें सुमारें १४० किलोमीटर दूर आहे. वाशीमास सूर्य मध्यान्हीं येतो तो उज्जयिनीपेक्षां साडेपांच मिनिटें, जुन्या मापानें साडेतेरा पळें, आधीं. कांचीची तर ह्याहून मोठी तफावत आहे. ती जवळजवळ ४ अंश पूर्वेस पडते. पर्यली म्हणजे परळी वैजनाथ असा जो तर्क करितात तो खरा धरला तर तिचें अंतर पाऊण अंशाचें. एक मौज मात्र सांगितली पाहिजे. कुरुक्षेत्राचे रेखांश सुमारें ७६ अंश ५० कला आहेत. वाशीम व कुरुक्षेत्र ह्यांमध्यें दक्षिणोत्तर अकराशें किलोमीटरांच्या आसपास अंतर असून दोहोंच्या मध्यान्हांत अवघा तीन पळांचा फरक पडतो. म्हणजे हीं दोन स्थळें एकमेकांच्या बरीच नीट उत्तर-दक्षिणेस आहेत. जिच्या नांवानें रेषा ओळखली जाते ती उज्जयिनीच तेवढी पश्चिमेस सरकलेली आहे!

ही चूक कशी राहिली, ह्याचें उत्तर त्या काळच्या साधनांत आहे. अक्षांश काढणें सोपें. शंकूची विषुवदिनींची छाया मोजली कीं झालें. रेखांशासाठीं दोन ठिकाणचा एकाच क्षणींचा काल कळावा लागतो. सूर्यसिद्धांतांत त्यासाठीं चंद्रग्रहणाचा उपाय सांगितला आहे: चंद्र पुरता ग्रासला जाण्याची वेळ गणितानें रेषेवरची काढावी, आपल्या गांवीं प्रत्यक्ष पाहावी, आणि दोहोंच्या अंतरावरून देशांतर काढावें. युक्ति निर्दोष आहे. पण ग्रहणाच्या छायेची कड अस्पष्ट असते, घटिकापात्र कांहीं पळें मागेंपुढें होतें, आणि गणितांतच दोनचार पळांची चूक असली तर ती सर्व देशांतराच्या माथीं येते. दुसरा प्रकार वाटेच्या अंतराचा. दोन गांवांमधील वाटेचीं योजनें हा कर्ण धरावयाचा, अक्षांशांच्या फरकाचीं योजनें ही कोटि, आणि त्यांवरून पूर्वपश्चिम भुज काढावयाचा. पहिल्या भास्करानें ही रीत देऊन लगेच तिचा दोषही नोंदविला आहे: वाटेवरून घेतलेला कर्ण स्थूल असतो व पृथ्वी वाटोळी आहे. सातव्या शतकांतील हा सावधपणा आजच्या संशोधकांनींही घेण्यासारखा आहे.

वाशीमहून उज्जयिनीस जाणाराची वाट नकाशावर पाहिली कीं हा दोष कसा लपतो तें कळतें. पूर्णा व तापी ओलांडून अशीरगडाच्या खिंडीनें सातपुडा उतरावयाचा, ओंकारमांधात्याच्या आसपास नर्मदा पार करावयाची, आणि मग विंध्य चढून माळव्यांत शिरावयाचें. अशीरगड वाशीमच्या पश्चिमेस, मांधाता त्याच्याही थोडें पश्चिमेस, उज्जयिनी आणखी. प्रत्येक मजलेंत वाट थोडथोडी डावीकडे झुकते. चालणारास मात्र आपण ध्रुवाकडे तोंड करून चाललों आहोंत असेंच वाटतें. आणि पंचांगकर्त्याचें त्यांत अडत नव्हतें. साडेतेरा पळांत चंद्र सुमारें तीन कला सरकतो, म्हणजे आपल्या बिंबाचा दहावा भाग. वाशीमच्या जोशानें देशांतर शून्य धरलें असतें तरी तिथीच्या व्यवहारांत कोणाची तक्रार आली नसती.

ह्या रेषेची कीर्ति हिंदुस्थानाबाहेरही गेली होती. अल्बेरूनीनें अकराव्या शतकांत उज्जयिनी, रोहितक व कुरुक्षेत्र ह्यांवरून जाणारी ही रेषा आपल्या ग्रंथांत नोंदविली. अरबी लिपींत उज्जैनचें 'उझैन' झालें, त्यांतील एक नुक्ता गळून 'अरीन' झालें, आणि जगाच्या मध्यावरील ठिकाण म्हणून हें अरीन युरोपीय भूगोलांत शिरलें. कोलंबसाच्या १४९८ च्या तिसऱ्या सफरीच्या पत्रांतही तें नांव आहे. शेवटीं १८८४ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन येथें पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधि जमून ग्रीनिच ठरलें. फ्रान्सनें मत दिलें नाहीं व १९११ पर्यंत पॅरिसचाच काल चालविला. तेथेंही ज्ञानापेक्षां वजन अधिक चाललें: जगांतील बहुतेक जहाजें ग्रीनिचचे नकाशे वापरीत, हें मोठें कारण होतें. वत्सगुल्म यादींत आलें तें ह्याहून फार निराळ्या कारणानें आलें असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा योगायोग वऱ्हाडचाच आहे. १८०२ मध्यें मद्रासेजवळ पाया मोजून लॅम्बटन ह्यानें हिंदुस्थानची जी त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली, तिचा मुख्य कणा ७८ अंशांच्या अलीकडील याम्योत्तरानें उत्तरेस गेला. १८२२ मध्यें वऱ्हाडांत टाकरखेडें येथें त्याची एक पायारेषा मोजली गेली, आणि पुढच्याच वर्षाच्या जानेवारींत हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. पुढें एव्हरेस्टनें आधारास घेतलेलें माळव्यांतील कल्याणपूर ७७ अंश ३९ कलांवर आहे. म्हणजे पोलादी सांखळ्या व अवजड थिओडोलाइट घेऊन आखलेली रेषा वाशीमच्या पूर्वेस अर्ध्याच अंशावरून, पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरून, गेली.

मध्यमेश्वराच्या दाव्यास ह्या सर्वांवरून किती आधार मिळतो? वत्सगुल्म रेषेवर गणलें जात होतें, एवढें नि:संशय. अमुक देवळाच्या अमुक शिळेवरून ती जात होती असें ठरविण्याइतकें सूक्ष्म मापन तेव्हां शक्य नव्हतें, व कोणत्याही ग्रंथकारानें तसा दावा केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. ग्रीनिचच्या वेधशाळेंतील पितळी पट्टीही आजच्या उपग्रहांच्या शून्य रेखांशापासून सुमारें शंभर मीटर बाजूस पडली आहे. तेव्हां वाशीमकरांनीं ह्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. १९५७ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय पंचांगाचें मध्यस्थान ८२ अंश ३० कला रेखांशावर धरलें असून अक्षांश मात्र उज्जयिनीचे, २३ अंश ११ कला, ठेविले आहेत.

एक गोष्ट तपासावयाची राहते. वऱ्हाडांतील जोशी स्वत:च्या गांवचें देशांतर उज्जयिनीपासून मोजीत कीं वाशीमपासून, हें पोथ्यांवरूनच ठरेल. ज्यांच्या घरीं करणकुतूहलाच्या किंवा 'ग्रहलाघवा'च्या जुन्या पोथ्या असतील त्यांनीं त्यांचे समास पाहावे. तेथें गांवाच्या नांवापुढें पळें लिहिलेलीं आढळल्यास गांवाचें नांव, पळांची संख्या, धन कीं ऋण, आणि पोथीचा लेखनशक एवढें उतरून मंडळाकडे पाठवावें.