नागपूरच्या राण्या आणि राजाचा ठेवा

पती निवर्तल्यावर त्याच्या हातचे शस्त्र किंवा बोटातली अंगठी यांची किंमत घरात कोणी करीत नाही. त्या वस्तू देवघरातल्या टाकांसारख्या होतात आणि त्यांतले काय कोणाला द्यावयाचे, हे तिने ठरवावे. नागपूरच्या भोसले घराण्यातील राण्यांकडून मात्र हा अधिकारच हिरावला गेला.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. अन्नपूर्णाबाई प्रभृती राण्या आणि दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध पत्नी बाकाबाई यांनी जडजवाहीर ही घराण्याची खासगी मिळकत असल्याचे सांगितले. कंपनीने ती दौलतीची ठरविली. हत्तीघोडे नागपुरातच विकले गेले. जवाहीर कलकत्त्याच्या हॅमिल्टन पेढीकडे विक्रीस गेले. आलेला पैसा ‘भोसला फंडा’त घालून त्यातून कुटुंबाच्या नेमणुका ठरल्या. अन्नपूर्णाबाई १८५५ मध्ये वारल्या. १८५६ मध्ये कुशासनाचे निमित्त करून डलहौसीने लखनौची नवाबीही खालसा केली.

पहिल्या रघुजींची सोनेरी नक्षीची फिरंग तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती परत आणली. वस्तू अशी परत आणता येते. आपल्या माणसाचा ठेवा आपल्या हाताने सोपविण्याचा जो मान त्या राण्यांना मिळाला नाही, तो मात्र कोणत्याही लिलावात सोडवून घेता येत नाही.