मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमिंग : चंद्रपूर-गडचिरोलीतील शिक्षण

प्रक्रियक, स्मृती, टाइमर आणि बाहेरच्या जोडण्यांसाठीचे पोर्ट एकाच चिपवर असलेला छोटा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर किंवा सूक्ष्मनियंत्रक. असेंब्ली किंवा सी या यंत्राच्या जवळच्या भाषांत त्याचा प्रोग्रॅम लिहायला शिकणे हा इलेक्ट्रॉनिक्स शिक्षणाचा पाया आहे.

शिक्षणाची सोय : गडचिरोली आणि ब्रह्मपुरी येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तर चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या इलेक्ट्रॉनिक्स पदविकेत ८०५१ ही चिप अनेक वर्षे शिकवली जात आहे. इंटेलने ती १९८० मध्ये आणली. मूळ चिपमध्ये ४ किलोबाइट प्रोग्रॅम-स्मृती, १२८ बाइट रॅम, चार पोर्ट आणि दोन टाइमर होते. एवढा आवाका विद्यार्थ्याला संपूर्ण समजून घेता येतो, म्हणूनच शिकण्यासाठी ती आजही उत्तम आहे.

शिकण्याची रीत : आधी असेंब्लीत एलईडी लुकलुकवायचा, मग टाइमर, इंटरप्ट आणि सिरियल पोर्टकडे वळायचे. प्रोग्रॅमची हेक्स फाइल तयार करून ती चिपमध्ये बर्न करतात. ८०५१ च्या सराव-किटवर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का असतो, हे सिरियल पोर्टच्या प्रयोगात उमगते. ही वारंवारता १२ ने आणि मग ३२ ने भागली की २८,८०० उरतात. त्यांना ३ ने भागल्यावर नेमका ९,६०० बॉडचा वेग मिळतो. म्हणून टाइमरमध्ये २५६ वजा ३, म्हणजे २५३ भरतात. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून तोच आकडा भरला, तर वेग सुमारे साडेआठ टक्क्यांनी चुकतो आणि पडद्यावर भलतीच अक्षरे उमटतात. अर्डुइनो उनो या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डवर तयार फंक्शनने काम लवकर होते. पण १३ क्रमांकाची पिन म्हणजे पोर्ट बीचा ५ क्रमांकाचा बिट, हे कळले की तीच गोष्ट थेट रजिस्टरमध्ये लिहून करता येते.

स्थानिक महत्त्व : रानडुकरांपासून पीक राखायला या भागात सौर कुंपण लावतात. त्याचे झटका मशीन तारेत उच्च दाबाचा, पण क्षणभराचाच झटका सोडते, साधारण सेकंदाला एक. कुंपणात घरगुती वीज थेट सोडली, तर माणूस आणि वाघ दोघांचाही जीव जातो. झटक्याची वेळ मायक्रोकंट्रोलर सांभाळत असेल, तर प्रोग्रॅम अडकला तरी झटका थांबलाच पाहिजे; त्यासाठी अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टाइमर आणि स्वतंत्र संरक्षक परिपथ लागतो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पातील कॅमेरा ट्रॅप आणि वाघांच्या रेडिओ कॉलरपुढे प्रश्न बॅटरीचा असतो. चिप बहुतेक वेळ निद्रावस्थेत ठेवून गरजेपुरती जागी केली, तरच बॅटरी दीर्घकाळ पुरते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हातल्या बंद डब्यात त्याहून जास्त. तिथे ७० अंशांपर्यंतच्या साध्या चिपऐवजी ८५ अंश सोसणारी औद्योगिक श्रेणीची चिप निवडणे शहाणपणाचे ठरते.

पुढील वाटा : आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पात विद्यार्थी एटीमेगा २५६० वर चालणाऱ्या फायरबर्ड रोबोवर सीमध्ये काम करत आले आहेत. पुण्यात सी-डॅक एम्बेडेड प्रणालींचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. ८०५१ ची रजिस्टरे नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला या दोन्ही ठिकाणी चिप नवी असली, तरी डेटाशीट वाचण्याची पद्धत ओळखीची असते.